छंदाचें ड्रोन आणि उपनगराचें आकाश

संक्रांतीचा दिवस आहे असें समजावें आणि नवी मुंबईंतील एखाद्या सात मजली इमारतीची गच्ची डोळ्यांपुढें आणावी. एका कोपऱ्यांत शेजारपाजारचीं मुलें पतंग उडवीत आहेत. कोणी फिरकी धरली आहे, कोणी ढील देत आहे, कोणी पतंग काटल्याची आरोळी ठोकीत आहे. दुसऱ्या कोपऱ्यांत एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा एकटाच उभा आहे. मामानें वाढदिवसानिमित्त घेऊन दिलेलें तळहाताएवढें यंत्र त्यानें जमिनीवर ठेविलें आहे. त्याचीं चार पातीं गरगर फिरूं लागतात, मधमाशांच्या थव्यासारखा गुणगुणाट होतो आणि पाहतां पाहतां तें यंत्र पतंगांच्याहि वर जातें. ऊन खात बसलेले आजोबा मान वर करून पाहतात व विचारतात, "अरे, ह्याचा दोरा कुठें आहे?" नातू हंसून म्हणतो, "आजोबा, ह्याला दोरा लागतच नाहीं!"

आजोबांचा प्रश्न भाबडा वाटला तरी या विषयाचा सारा गाभा त्यांत आहे. पतंगाला दोरा असतो आणि त्या दोऱ्यामुळें तीन गोष्टी आपोआप साधतात. पतंग किती उंच आणि किती दूर जाणार याला दोऱ्याच्या लांबीची मर्यादा पडते. तो कोणाचा, हें दोरा धरून मागें गेलें असतां समजतें. आणि उडविणाऱ्याची नजर पतंगावरून क्षणभरहि हलत नाहीं, कारण नजर हलली कीं पतंग गेला. ड्रोनला असा दोरा नाहीं. तें उडविणाऱ्याच्या दृष्टीपलीकडे जाऊं शकतें, इमारतींच्या आड दिसेनासें होऊं शकतें, आणि परक्याच्या अंगणांत पडलें तर त्याचा धनी कोण हें नुसत्या पाहण्यानें कळत नाहीं. ड्रोनविषयींचे सरकारी नियम वाचतांना पुष्कळांस क्लिष्ट वाटतात. परंतु त्यांपैकीं बहुतेक नियम या नसलेल्या दोऱ्याची जागा भरून काढण्यासाठीं आहेत, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे ते समजावयास कठीण जात नाहीं.

पतंग आणि विमान यांचें नातें कायद्यानें फार पूर्वींच ओळखलें होतें. १९३४ सालच्या विमानविषयक कायद्यांत 'एअरक्राफ्ट' या शब्दाची जी व्याख्या होती, तींत फुगे, वायुनौका आणि ग्लायडर यांच्या पंक्तीला पतंगहि बसविलेला होता. तो कायदा नव्वद वर्षें चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ यानें घेतली. ड्रोनसाठीं स्वतंत्र नियमावली २०२१ सालीं झाली. त्या वर्षीं मार्च महिन्यांत प्रथम एक नियमावली निघाली. ती फार जाचक आहे अशी तक्रार झाल्यावरून ऑगस्ट महिन्यांत ती मोडीत काढून 'ड्रोन नियम, २०२१' जारी करण्यांत आले. यंत्र लहान असो वा मोठें, तें हवेंत उचललें गेलें कीं कायद्याच्या दृष्टीनें तें केवळ खेळणें राहत नाहीं, हें या इतिहासाचें सार होय.

नियमांची पहिली पायरी वजनाची आहे. बॅटरी, कॅमेरा व इतर सामान धरून २५० ग्रॅमपर्यंत भरणारें यंत्र तें 'नॅनो'. त्याहून अधिक परंतु २ किलोपर्यंतचें तें 'मायक्रो'. २५ किलोपर्यंतचें लहान, १५० किलोपर्यंतचें मध्यम आणि त्यावरचें मोठें. छंदाचीं बहुतेक यंत्रें पहिल्या दोन वर्गांतच मोडतात. पाव किलो साखरेची पुडी हातांत घेऊन पाहिली तर नॅनो वर्गाची सीमा कोठें आहे हें मुलांनाहि कळेल. ही पुडी हलकी खरी. परंतु ती चाळीसाव्या मजल्यावरून एखाद्याच्या डोक्यावर पडली तर काय होईल, हा प्रश्न मुलांना त्याच वेळीं विचारावा.

नॅनो ड्रोन उडविण्यास वैमानिकाचा दाखला लागत नाहीं. मायक्रो ड्रोन धंद्यासाठीं नव्हे तर केवळ छंदासाठीं उडवावयाचें असेल तर त्यालाहि दाखला लागत नाहीं. येथें एक बारकावा आहे. एखादा तरुण मायक्रो ड्रोननें घरच्या अंगणाचें चित्र घेतो तोंवर तो हौशी असतो. तेंच यंत्र घेऊन तो पैसे घेऊन लग्नाचें चित्रीकरण करूं लागला कीं त्याला दाखला घ्यावाच लागतो. हा दाखला वयाची १८ वर्षें पुरीं झालेल्या, ६५ वर्षांहून अधिक वय नसलेल्या व दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसास, मान्यताप्राप्त संस्थेंत शिक्षण घेतल्यावर मिळतो. मागील पिढीनें मॅट्रिकच्या दाखल्यावर कारकुनी मिळविली. या पिढीला त्याच इयत्तेवर आकाशाचें दार उघडतें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

परंतु दाखला नको म्हणजे नोंदणीहि नको, असा जो समज पसरला आहे तो चुकीचा आहे. नियमाप्रमाणें प्रत्येक ड्रोनची केंद्र सरकारच्या व्यवस्थेंत नोंद करून त्यासाठीं एक स्वतंत्र ओळख क्रमांक घ्यावयाचा असतो. जसा मोटारीला क्रमांक तसाच ड्रोनला. नॅनोखेरीज इतर ड्रोनना मोटारीप्रमाणेंच तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमाहि उतरवावा लागतो. अपघात झाला तर ४८ तासांच्या आंत त्याची खबर द्यावयाची असते. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हा क्रमांक म्हणजेच आजोबांनीं विचारलेला दोरा होय. यंत्र कोठेंहि पडलें तरी तो धरून त्याच्या धन्यापर्यंत पोंचतां येतें.

दुबईंतून किंवा अमेरिकेंतून येणाऱ्या आप्तांनाहि येथेंच एक सूचना देणें इष्ट आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात सरकारनें बंद केली असून संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढ्यापुरताच तिला अपवाद ठेविला आहे. मामानें मोठ्या हौसेनें आणलेली भेट विमानतळावरच अडकून पडावी, त्यापेक्षां ती भारतांतच विकत घेतलेली बरी.

आतां आकाशाच्या विभागणीकडे वळावयाचें. भारताच्या आकाशाचा एक नकाशा सप्टेंबर २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत तीन रंग आहेत. हिरव्या क्षेत्रांत निराळी परवानगी लागत नाहीं. पिवळ्या क्षेत्रांत विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. लाल क्षेत्रांत केंद्र सरकारच्या परवानगीवांचून ड्रोन उडवितां येत नाहीं. रस्त्यावरील दिव्यांचेच हे रंग असल्यामुळें ते लक्षांत ठेवणें सोपें आहे.

या रंगांचा हिशेब बराचसा विमानतळाच्या अंतरावरून होतो. चालू विमानतळाच्या कुंपणापासून पहिले ५ किलोमीटर सामान्यतः लाल. ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यांत जमिनीपासूनच पिवळें. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यांत ६० मीटर उंचीपर्यंत हिरवें आणि त्यावर पिवळें. त्यापलीकडे, दुसरी कांहीं मनाई नसेल तर, १२० मीटरपर्यंत हिरवें व त्यावर पिवळें. साठ मीटर म्हणजे सुमारें वीस मजले आणि १२० मीटर म्हणजे सुमारें चाळीस मजले, असा ठोकताळा मनांत ठेवावा.

हा हिशेब मुंबईच्या भोंवतालच्या वस्तीला लावून पाहिला म्हणजे उपनगरवासीयांची अडचण ध्यानांत येते. अंधेरी, पार्लें, सांताक्रूझ, कुर्ला हीं उपनगरें तर मुंबईच्या विमानतळाला खेटूनच आहेत. तेथें गच्चीवरून ड्रोन उडविण्याचा विचारहि मनांत आणूं नये. नवी मुंबईची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें हें शहर मोठ्या योजनापूर्वक वसविलें. मुंबईच्या विमानतळापासून तें खाडीपलीकडे, त्यामानानें दूर होतें. परंतु ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानें उडूं लागलीं. उलवें, कामोठें, पनवेल, बेलापूर हे भाग या विमानतळाच्या अगदीं निकट आहेत. म्हणजे मुलगा तोच, गच्ची तीच, यंत्रहि तेंच. परंतु डोक्यावरचें आकाश मात्र पूर्वींचें राहिलें नाहीं. 'गेल्या वर्षीं येथेंच उडविलें होतें' ही सबब आतां कामाची नाहीं. म्हणून उड्डाणापूर्वीं प्रत्येक वेळीं नकाशा पाहणें हा छंदिष्टाचा पहिला धर्म आहे.

नकाशाखेरीज तात्पुरती मनाईहि असते. राज्य सरकार, किंवा पोलीस अधीक्षकाच्या दर्जाहून खालचा नसलेला पोलीस अधिकारी, एखादा भाग एका वेळीं ९६ तासांपर्यंत लाल ठरवूं शकतो. शिवाय सण, सभा, बड्या पाहुण्यांचें आगमन अशा प्रसंगीं मुंबई व आसपासच्या शहरांत पोलीस आयुक्त नागरिक सुरक्षा संहितेखालीं ड्रोनबंदीचे हुकूम वेळोवेळीं काढतात. वर्तमानपत्रांत कोपऱ्यांत छापून येणाऱ्या या हुकुमांकडे छंदिष्टानें विशेष लक्ष द्यावें.

एवढी सावधगिरी खरोखरच आवश्यक आहे काय, असें कोणी विचारील. त्याला दोन घडलेल्या गोष्टींचें उत्तर पुरेसें आहे. २१ सप्टेंबर २०१७ रोजीं संध्याकाळीं न्यूयॉर्क शहराच्या स्टेटन आयलंड भागाजवळ अमेरिकेच्या सैन्याच्या एका हेलिकॉप्टरवर छंदाचें एक ड्रोन आदळलें. हेलिकॉप्टर सुखरूप उतरलें. तें ड्रोन उडविणारा मनुष्य सुमारें चार किलोमीटर दूर, खाडीच्या दुसऱ्या तीरावर उभा होता. त्याला हेलिकॉप्टर दिसलें नव्हतें, स्वतःचें ड्रोनहि दिसत नव्हतें आणि त्या भागांत त्या वेळीं उड्डाणास बंदी होती याचीहि त्याला कल्पना नव्हती. यंत्र परत आलें नाहीं तेव्हां तें पाण्यांत पडलें असावें असें मानून तो घरीं गेला. हेलिकॉप्टरमध्यें अडकलेल्या तुकड्यावरील क्रमांकावरून शोध घेत अधिकारी त्याच्यापर्यंत पोंचले, तेव्हां कोठें काय झालें तें त्याला कळलें. त्याच्या मनांत दुष्ट हेतु नव्हता. तो फक्त पाहत नव्हता आणि त्यानें नियम पुरतेपणीं जाणून घेतले नव्हते.

दुसरी गोष्ट जानेवारी २०२५ मधील. लॉस एंजेलिसच्या उपनगरांत भयंकर वणवा पेटला होता आणि समुद्राचें पाणी भरून तें आगीवर ओतणारीं विमानें कॅनडांतून मदतीस आलीं होतीं. एका गृहस्थाला आग जवळून पाहण्याची इच्छा झाली. त्यानें मोटारी ठेवण्याच्या इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन सोडलें; तें दोन किलोमीटरांहून अधिक दूर गेलें, नजरेआड झालें आणि त्यांतील एका विमानाच्या पंखास धडकलें. पंखाला भोंक पडलें. विमान सुखरूप उतरलें खरें, पण घरें जळत असतां तें दुरुस्तीसाठीं जमिनीवर बसून राहिलें. पुढें त्या गृहस्थानें न्यायालयांत आपला गुन्हा कबूल केला. एका माणसाच्या कुतूहलाची किंमत अशा रीतीनें भलत्यांनाच मोजावी लागली.

दोन्हीं गोष्टींत दोष एकच आहे: यंत्र नजरेच्या बाहेर गेलें. म्हणूनच छंदाचें ड्रोन उडविणाऱ्याला तें आपल्या डोळ्यांनीं दिसत राहिलें पाहिजे असा दंडक आहे, आणि माणसें घेऊन जाणाऱ्या विमानाला नेहमीं वाट दिली पाहिजे असाहि आहे. हातांतील पडद्यावर यंत्राच्या कॅमेऱ्याचें चित्र दिसतें, तेवढ्यानें भागत नाहीं. कॅमेरा समोरचें दाखवितो. मागून येणारें हेलिकॉप्टर तो दाखवीत नाहीं.

शहरांतील उड्डाणाच्या आणखी कांहीं अडचणी कोणत्याहि कायद्यांत लिहिलेल्या नाहींत, परंतु अनुभवी छंदिष्ट त्या जाणतात. उंच इमारतींच्या गर्दींत उपग्रहांकडून येणारे संदेश भिंतींवर आपटून फसवे होतात व यंत्राला आपली जागा नीट कळेनाशी होते. गच्चीच्या काँक्रीटमधील लोखंडी सळयांनीं त्याचें होकायंत्र बिघडतें. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या वाटेंतून वारा अकस्मात् जोरानें वाहतो. संपर्क तुटला असतां स्वतःहून परत येण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते. परंतु परतीची उंची शेजारच्या इमारतीपेक्षां कमी ठेविली असेल तर तें यंत्र सरळ भिंतीवर जाऊन आदळतें. घारी तर आपल्या हद्दींत आलेल्या या परक्या पक्ष्यावर झडपच घालतात. आणि संक्रांतीच्या दिवसांत आकाशभर ताणलेला मांजा पात्यांत गुंतला म्हणजे यंत्र दगडासारखें खालीं येतें. म्हणून गोष्टींतल्या त्या मुलानें निवडलेला दिवस आणि जागा हीं दोन्हीं चुकलेलींच होतीं.

याहून नाजूक प्रश्न शेजाऱ्यांचा आहे. उपनगरांतील घरें एकमेकांना इतकीं लागून असतात कीं, स्वयंपाकघराच्या खिडकींतून शेजारच्या घरांतील फोडणीचा वास येतो. अशा वस्तींत पांचव्या मजल्यावरील माणसानें खिडकीला पडदा लावला नाहीं तर त्यांत त्याचा दोष नाहीं. बाहेर आकाशच आहे, या भरंवशावर तो राहत असतो. त्या खिडकीसमोर एखादा डोळा येऊन लटकूं लागला तर त्या घरांतील स्वस्थता गेली. ऑगस्ट २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला; आणि स्त्रीच्या खासगी क्षणांचें चोरून चित्रण करणें हा तर भारतीय न्याय संहितेप्रमाणें फौजदारी गुन्हाच आहे. परंतु कायद्यापर्यंत जाण्याची वेळच येऊं नये. उडविण्यापूर्वीं इमारतींतील मंडळींना कल्पना द्यावी, कॅमेरा कोणाच्या खिडकीकडे वळवूं नये, आणि कोणी हरकत घेतली तर वाद न घालतां यंत्र उतरवून घ्यावें. पूर्वीं अंगणांतील चेंडू दुसऱ्याच्या आवारांत गेला म्हणजे मुलें 'काकू, चेंडू घेऊं का?' असें विचारून मगच आंत जात. तीच रीत येथेंहि लागू आहे.

शेजारी केवळ माणसेंच असतात असेंहि नाहीं. ठाण्याच्या खाडींत थंडी-उन्हाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. २०१५ सालीं तेथें अभयारण्य जाहीर झालें व २०२२ सालीं त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. गुलाबी थवा वरून पाहण्याचा मोह कोणालाहि होईल. परंतु यंत्राच्या गुणगुणाटानें बुजून उठलेला थवा आपलें खाणें सोडून जातो, आणि अभयारण्यांतील प्राण्यांस त्रास देणें गुन्हाहि आहे. तें दृश्य काठावरून दुर्बिणींतून पाहावें.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, एवढ्या भानगडी असतील तर हा छंदच नको. परंतु तें खरें नव्हे. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत खेड्यापाड्यांतील गांवठाणांची मोजणी ड्रोननेंच करण्यांत आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदावर नसलेल्या घरांची मालकी कागदावर येऊं लागली. शेतावर औषध फवारणें, पुरांत अडकलेल्यांचा शोध घेणें, हीं कामेंहि हें यंत्र करतें. उद्यां हीं कामें करणारीं माणसें आजच्या हौशी मुलांतूनच निघावयाचीं आहेत. हातांत यंत्र न घेतां तीं शिकणार कशीं?

गोष्टींतला नातू आणि आजोबा यांच्याकडे परत वळूं या. नातवानें आजोबांना दूरध्वनीच्या पडद्यावर नकाशा दाखविला. त्यांची इमारत लाल रंगांत होती. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मग आजोबा, मी हें उडवूं तरी कुठें?"

हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाहीं, आणि त्याचें उत्तर देण्याची जबाबदारीहि त्याच्या एकट्यावर नाहीं. शहरानें मुलांना क्रिकेटचीं मैदानें दिलीं, पोहण्याचे तलाव दिले. आतां हिरव्या क्षेत्रांत मोडणारें एखादें मोकळें मैदान ठराविक दिवशीं ठराविक वेळीं या छंदासाठीं राखून ठेवणें नगरपालिकांना अशक्य नाहीं. शाळांनीं विज्ञानाच्या तासाला हे नियम मराठींत समजावून सांगावे. नुसती मनाई केली तर मूल चोरून उडवितें, आणि चोरून उडविलेलें यंत्र सर्वांत धोक्याचें असतें, कारण त्याला कोणताच दोरा उरत नाहीं.

आजोबांनीं तें यंत्र पिशवींत घालावयास सांगितलें. "रविवारीं पहाटेच्या गाडीनें गांवीं जाऊं. तेथलें आकाश कोणत्या रंगाचें आहे तेवढें आधीं पाहून ठेव. तूं यंत्र उडव. मी शेजारीं उभा राहून आकाश राखीन." कळ दाबणारा एक आणि भोंवतीं लक्ष ठेवणारा दुसरा, ही जोडी जगांतील सर्व जाणते छंदिष्ट मानतात. त्या म्हाताऱ्यानें ती पतंगाच्या फिरकीवरूनच ओळखली होती.